घरापासून ४५ मीटरवरच्या गोठ्याला वीज न्यायची आहे: केबल, अर्थिंग आणि आरसीसीबी

कातळसडा
देवगड तालुक्यात घरामागे नवा गोठा बांधून होतोय. घराच्या मेन बोर्डापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत सरळ अंतर ४५ मीटर. वाटेतली २५-२७ मीटर जमीन मातीची आहे, पुढे गोठ्यापर्यंत निखळ कातळ. घरात सिंगल फेज, मीटरनंतर ३२ अँपियरचा डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), त्याच्यापुढे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (जमिनीत गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

गोठ्यातला भार असा: २ एचपीची कुट्टी मशीन (वैरण कापायचं यंत्र), पाणी चढवायला १ एचपीचा पंप, ४ एलईडी दिवे, २ पंखे, एक १६ अँपियरचा सॉकेट. पाच गुरं. पुढेमागे दूध काढायचं यंत्र घेतलं तर तेही.

स्थानिक वायरमननी सांगितलंय की चारची (४ चौरस मिमी) दोन कोर ॲल्युमिनियमची केबल खांबांवरून न्यावी, गोठ्याजवळ चार फुटी रॉड ठोकावा, की काम झालं. जोडणी घरातल्याच एखाद्या १६ अँपियरच्या लाइनीतून.

प्रश्न: केबल किती जाडीची? वरून की जमिनीतून? कातळात अर्थिंग कसं करायचं? वेगळा मीटर घ्यावा लागेल का? कोबा अजून घातलेला नाही, म्हणून आत्ताच विचारतोय.

तारतंत्री
कोबा घातला नाही हे फार चांगलं झालं, त्याचं कारण पुढे कोणीतरी लिहीलच. मी केबलपुरतं लिहितो.

आधी करंट काढू. २ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर साधारण ११ अँपियर घेते, १ एचपीचा पंप ६. दिवे-पंखे धरून दीड-दोन. सगळं एकदम चाललं तर २० अँपियरच्या आत. पण हा झाला चालू स्थितीतला आकडा. कुट्टीची मोटर सुरू होताना पाच-सहा पट ओढते, म्हणजे क्षणभर ६० अँपियर. केबल ठरते ती या क्षणावर.

अंतर ४५ मीटर असलं तरी केबल खाली उतरते, वर चढते, म्हणून ५० मीटर धरा. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे तारेची लांबी १०० मीटर. २० अंश तापमानाला चारच्या ॲल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. १०० मीटरला ०.७४, तार तापली की ०.८९. २० अँपियरला जवळजवळ १८ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे पावणेआठ टक्के. दिव्यांना ३ आणि बाकीच्या वापराला ५ टक्क्यांपर्यंत घट चालते, त्यामुळे चारची केबल इथेच बाद. कुट्टी सुरू होताना तर ४४ व्होल्टच्या आसपास घट येईल.

दहाची ॲल्युमिनियम: रोध ३.०८, २० अँपियरला साधारण साडेसात व्होल्ट, ३.२ टक्के. सुरू होताना १८.
सोळाची ॲल्युमिनियम: रोध १.९१, २० अँपियरला साडेचार व्होल्ट, २ टक्के. सुरू होताना ११-१२.
सहाचं तांबं आणि दहाचं ॲल्युमिनियम या हिशोबात सारखंच.

संध्याकाळी गावात २०५ व्होल्ट असतील असं धरा. चारच्या केबलने मोटरला सुरू होताना १६१ मिळतील. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० ला असतो त्याच्या निम्माच उरला. मोटर गुणगुणत राहील, फिरणार नाही, आणि कपॅसिटर किंवा स्टार्टिंग वाइंडिंग जळेल. गावाकडे 'मोटर खराब निघाली' म्हणून जे परत करतात, त्यात पुष्कळदा मोटर निर्दोष असते आणि केबल बारीक असते.

माझं मत: सोळाची दोन कोर ॲल्युमिनियम आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी तारांचं कवच (आर्मर) असलेली. दहाने भागेल, पण दूध काढायचं यंत्र येणार असेल तर आत्ताच सोळा टाका. खणण्याचा खर्च दोन्हीला सारखाच, आणि तो दुसऱ्यांदा करावा लागू नये. घेताना ५५ मीटर घ्या. मधे जॉइंट नको.

कातळसडा
धन्यवाद. दोनच कोर का? अर्थिंगसाठी तिसरी कोर नको का?

मेगर५००
नक्की हवी. तीन कोर घ्या. आर्मर ही जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) तार आहे, ग्लँडपाशी (केबलचं टोक बॉक्सला घट्ट धरणाऱ्या तुकड्यापाशी) गंजली की अर्थिंग तुटतं आणि कोणाला कळतही नाही. तिसरी कोर घरच्या अर्थिंगला जोडा, गोठ्यात आणखी एक इलेक्ट्रोड (जमिनीत पुरलेला पाइप किंवा पट्टी) करून तोही तिलाच जोडा. दोन इलेक्ट्रोड समांतर आले की रोध उतरतो.

तारतंत्री
वर्कशॉप, न्हाणीघर, शेतमालाचा मांगर असता तर मीही हेच सांगितलं असतं. गुरांच्या गोठ्याला मात्र मी घरचं अर्थिंग नेणार नाही. घरातला गिझर फुटला किंवा फ्रिजच्या बॉडीला फेज लागला, की घरच्या अर्थिंगचं व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत वर चढतं. तिसरी कोर ते व्होल्टेज सरळ गव्हाणीच्या पाइपावर आणून सोडते. माणूस चप्पल घालून असतो. गाय उघड्या खुरांनी शेण-मुताच्या ओल्या जमिनीवर उभी असते, पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर. तोंड गव्हाणीला लागलेलं, तेही ओलं. माणसाला मुंगीही चावली नाही असं वाटेल एवढ्या व्होल्टेजवर गाय दचकते.

म्हणून दोन कोर. आर्मर फक्त घराच्या टोकाला अर्थ करा. गोठ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या बॉक्समधे असा संपवा की आर्मर आणि ग्लँड कोणाच्या हाताला लागणार नाही आणि गोठ्यातल्या कुठल्याही धातूला टेकणार नाही. गोठ्याचं अर्थिंग स्वतंत्र, आणि त्याच्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी.

मेगर५००
घरी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहेच. घरातला दोष क्षणात तुटेल, मग चढलेलं व्होल्टेज राहतं किती वेळ?

तारतंत्री
आरसीसीबी चालू असेल तर राहत नाही, हे मान्य. पण आरसीसीबी वारंवार उडतो म्हणून तो बाजूला काढून सरळ तार जोडलेली किती घरं असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. दोन इमारतींची सुरक्षितता एकाच उपकरणावर टांगू नये एवढंच म्हणणं.

मेगर५००
गोठ्यापुरतं मान्य करतो. मग एक गोष्ट जोडा: घरातून गोठ्याकडे जाणारा पाण्याचा पाइप जीआयचा असेल तर स्वतंत्र अर्थिंग नावालाच उरतं, कारण पाइपच घरचं अर्थिंग घेऊन येतो. गोठ्यात शिरण्याआधी मीटर-दोन मीटरचा प्लास्टिक पाइपाचा तुकडा मधे टाका.

घाटमाथा
रॉडबद्दल. चार फुटी रॉड कातळाच्या भेगेत ठोकला तर त्याला अर्थिंग म्हणता येणार नाही. पाइप इलेक्ट्रोड किमान अडीच मीटरचा, साधारण ४० मिमी व्यासाचा जीआय हवा. अशा पाइपचा रोध ढोबळमानाने जमिनीच्या रोधकतेच्या एक तृतीयांश येतो. आमच्या काळ्या जमिनीत रोधकता १५ ओहम-मीटर धरली तर एकाच पाइपला ५ ओहम मिळतात. १०० ओहम-मीटरच्या जमिनीत तोच पाइप ३५ ओहम देतो. कोरड्या जांभ्यात रोधकता याच्या कितीतरी पट चढते. तेव्हा घाटावरचा आकडा कोकणात मागू नका.

आता हा हिशोब बघा. गोठ्यातल्या मोटरच्या बॉडीला फेज लागला आणि अर्थिंग ३५ ओहमचं आहे. करंट वाहील २३० भागिले ३५, म्हणजे साडेसहा अँपियर. १६ चा एमसीबी हा करंट नेहमीचा भार समजून वाहू देतो. तासन् तास. आणि मोटरची बॉडी तोवर जिवंत. म्हणून आपल्याकडच्या अर्थिंगवर एमसीबी माणसाला किंवा गुराला वाचवत नाही. वाचवतो आरसीसीबी. तो ३० मिलिअँपियरला तुटतो, त्यामुळे १०० ओहमचं अर्थिंगसुद्धा त्याला पुरतं: ०.०३ गुणिले १०० म्हणजे ३ व्होल्ट.

तरीही १०० वर समाधान मानू नका. मे महिन्यात जमीन सुकली की हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

कातळसडा
गोठ्याच्या दक्षिणेला माडांची रांग आहे, तिथे मातीचा थर मीटरभर तरी असेल. उन्हाळ्यातही पाणी घालतो.

घाटमाथा
मग पाइपाचा हट्ट सोडा. पट्टी आडवी पुरा. जीआयची २५ बाय ४ मिमीची पट्टी, किमान १५ मीटर लांब, किमान अर्धा मीटर खोल, माडांच्या आळ्यांच्या ओळीने. मुळं तोडू नका, आळ्याच्या कडेने न्या. कातळात उभं भोक पाडण्यापेक्षा हे स्वस्त आणि उन्हाळ्यात जास्त भरवशाचं. केबलच्या चरात ही पट्टी टाकू नका, दोन्ही अर्थिंग वेगळी ठेवायचीत तर अंतरही ठेवा.

मीठ-कोळसा घालायची पद्धत आहे, पण मीठ पावसात वाहून जातं आणि जाईपर्यंत जीआय खातं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) मिळाला तर तो घाला. आणि गोठ्याचं सांडपाणी पट्टीवर सोडू नका. ओल मिळते हे खरं, पण मुताने जस्ताचा थर लवकर जातो.

पेडणेकरीण
एक प्रश्न. आमच्याकडे वायरमन फेज आणि अर्थिंगमधे १०० वॅटचा बल्ब लावून दाखवतात, पूर्ण पेटला की अर्थिंग उत्तम म्हणतात. हे कितपत खरं?

मेगर५००
खरं नाही. १०० वॅटच्या बल्बचा तापलेल्या अवस्थेतला रोध ५२९ ओहम. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात, डोळ्यांना फरक कळत नाही. अर्थिंग अजिबात नसेल तेवढंच या परीक्षेत कळतं. शिवाय बल्ब लावून बघताना तुमची अर्थिंगची तार तेवढा वेळ व्होल्टेजवर असते, आणि गुरं बांधलेली असली तर शॉक त्यांना. आरसीसीबी असेल तर तो लगेच उडेल, म्हणून आधी तो बाजूला करतात, हे आणखी वाईट. अर्थ टेस्टरने, दोन सहाय्यक खुंट्या ठोकून मोजून घ्या. ठेकेदाराकडे तो असायलाच हवा. मोजणी मे महिन्यात करा, पावसाळ्यातला आकडा सगळ्यांनाच चांगला येतो.

याच संदर्भात एक जुनी धोक्याची सवय लिहून ठेवतो. तार वाचवण्यासाठी फक्त फेज नेतात आणि न्यूट्रलच्या जागी गोठ्याजवळच्या रॉडला जोडतात. दिवा लागतो, म्हणून चालून जातं. पण भाराचा सगळा करंट जमिनीतून परत जातो आणि रॉडभोवतीची जमीन जिवंत होते. रॉडजवळ चरणारं गुरू याच्यातच मरतं. गोठ्याच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ कधीही, कुठेही जोडायचे नाहीत.

गोठाबांधणी
कोबा घातला नाही म्हणालात, म्हणून घाईने लिहिते. हे कोबा झाल्यावर करता येत नाही.

गुरं उभी राहतात तिथे कोब्याखाली नुसता सोलिंग नको, वेल्डमेश जाळी घाला. जाळीचे तुकडे एकमेकांना वेल्ड केलेले हवेत, बांधणीच्या तारेने बांधलेले चालत नाहीत. जाळीपासून जीआयची ३० बाय ३ मिमीची पट्टी दोन ठिकाणी बाहेर काढा. गव्हाणीचे पाइप, दावणीचे खांब, पाण्याची लोखंडी टाकी, पत्र्याखालचे अँगल, कुट्टीचा सांगाडा हे सगळं त्या पट्टीला जोडा आणि पट्टी गोठ्याच्या अर्थिंगला. तांब्याची तार वापरली तर किमान चारची, पण गोठ्याच्या हवेत अमोनिया असतो, तो तांबं खातो. खाली पट्टीच बरी.

याने काय साधतं? दोष झाला तर गव्हाण आणि जमीन दोन्ही एकदमच वर चढतात, दोघांत फरक पडत नाही. गाईच्या तोंडाला आणि पायांना एकच व्होल्टेज असलं तर तिच्यातून करंट जात नाही.

पूर्ण शॉक ही शेवटची पायरी. त्याच्या कितीतरी आधी गुरं सांगत असतात. पाणी तोंड बुडवून न पिता जिभेने चाटून पितात, ठरावीक जागेवर उभं राहायला नाकारतात, धारेच्या वेळी पाय झाडतात, पान्हा चोरतात. वैद्याला बोलावण्याआधी मल्टिमीटर लावा. एक टोक गव्हाणीच्या पाइपाला, दुसरं गाय उभी राहते तिथे ओल्या जमिनीवर ठेवलेल्या धातूच्या ताटलीला, आणि मीटरला समांतर ५०० ओहमचा रेझिस्टर. तो गाईच्या शरीराच्या जागी धरायचा. तो न लावता मोजलं तर हवेतले फुकटचे व्होल्ट दिसतात आणि उगाच घाबरायला होतं. रेझिस्टरसकट १ व्होल्टच्या खाली असेल तर ठीक. २ ते ४ आलं की शोधाच. पंप, कुट्टी एकेक चालू-बंद करून बघा, कोणत्या वेळी आकडा उडी मारतो त्यावरून दोषाची जागा कळते.

कातळसडा
जाळी घालतो. हे कोणीच सांगितलं नव्हतं.

केबलच्या मार्गाबद्दल कोणी लिहील का? कातळात अडीच फूट खणायचं म्हणजे ब्रेकर लावावा लागेल.

तारतंत्री
मातीच्या भागात ७५ सेंटिमीटर खोल, ३० सेंटिमीटर रुंद चर. तळाला ७-८ सेंटिमीटर वाळू, त्यावर केबल, वर पुन्हा तेवढीच वाळू, मग विटा आडव्या, मग माती. २७ मीटरला वाळू सव्वा घनमीटर लागते, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या जरा खाली, अर्धा ब्रास मागवा. आडव्या विटा मीटरला नऊ, म्हणजे अडीचशे. तुमच्याकडे फुटकी कौलं पडलेली असतील तर तीही चालतात. विटेचं काम फक्त एक: उद्या कोणी माड लावायला कुदळ मारली तर आधी वीट लागली पाहिजे. वरून ३० सेंटिमीटरवर धोक्याची प्लास्टिक पट्टी टाका. वाळू नसेल तर चाळलेली माती घाला, पण जांभ्याचे टोकदार तुकडे केबलला टेकू देऊ नका.

कातळात ७५ चा हट्ट धरू नका. जेवढा चर पडतो तेवढा पाडा, केबल जीआय पाइपातून न्या आणि वरून दहा सेंटिमीटर काँक्रीट घाला. माती संपून कातळ सुरू होतो तिथे पाइपाच्या तोंडाला बुश लावा, नाहीतर पाइपाची धार केबलचं आवरण कापते. वळण ऐसपैस द्या. बाहेरच्या व्यासाच्या १२ पटीपेक्षा लहान त्रिज्या नको, सोळाच्या केबलला साधारण फूटभर धरून चाला.

आर्मर लागतोच, कारण घुशी. नुसत्या एचडीपीई पाइपातून बिनआर्मरची केबल नेली तर घूस दोन्ही कुरतडते.

घाटमाथा
कातळाचा भाग वरून नेला तर? सरसकट वाईट नाही ते.

तारतंत्री
नाही, पण जमिनीतली केबल मधेच वर काढून खांबावर चढवण्यात दोन जास्त टोकं तयार होतात, पाणी शिरायच्या दोन जागा. पूर्ण वरूनच न्यायची असेल तर: आठ नंबरची जीआय तार दोन्ही टोकांना आवळून, काळ्या आवरणाची केबल तिला क्लिपांनी टांगलेली, भार तारेवर, केबलवर नाही. साधी फ्लॅट वायर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. उंची किमान ४ मीटर, आणि गवताचे भारे लादलेली ट्रॉली खालून जाणार असेल तर रस्त्यावरच्यासारखी ५.८ मीटर ठेवा. माडाला किंवा आंब्याला तार बांधायची नाही, वाऱ्यात झाड हलतं, तार ताणली जाते आणि तुटून गुरांच्या वाटेत पडते. सड्यावर वीजही पडते, म्हणून वरून नेली तर गोठ्याच्या बोर्डात सर्ज अरेस्टर (व्होल्टेजची अचानक उसळी जमिनीत सोडणारं उपकरण) घालणं गरजेचं. तुमच्या जागेत मी जमिनीतूनच नेईन.

मेगर५००
आता बोर्ड. चूक सगळ्यात जास्त इथेच होते.

घरातल्या १६ अँपियरच्या लाइनीतून गोठा जोडायचा नाही. ती आधीच घरच्या आरसीसीबीच्या पुढे आहे. गोठ्यात पावसाळ्यात जरा गळती झाली की घर अंधारात जाईल. मग लोक घरचा आरसीसीबीच काढून टाकतात, त्याचं वर आलंच आहे.

मीटरनंतरच्या ३२ च्या डबल पोल एमसीबीनंतर आणि घरच्या आरसीसीबीच्या आधी फाटा घ्या. तिथे गोठ्यासाठी २५ अँपियरचा सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा क्षणिक करंट सोसणारा) डबल पोल एमसीबी. त्याच्यापुढे १०० मिलिअँपियरचा, उशिरा तुटणारा, एस प्रकारचा आरसीसीबी. तालुक्याच्या दुकानात तो तयार नसतो, मागवावा लागतो. तो जमिनीतल्या केबलच्या राखणीला. गोठ्यातला ३० चा आधी तुटतो, घर चालू राहतं. दोन्ही ठिकाणी ३० चे साधे लावले तर कोणता आधी उडेल ते सांगता येत नाही.

गोठ्याच्या बोर्डात: ४० अँपियर, ३० मिलिअँपियरचा डबल पोल आरसीसीबी. त्यानंतर कुट्टीला २० चा सी, पंपाला १० चा सी, सॉकेटला १६ चा सी, दिवे-पंख्यांना ६ चा बी. कुट्टीला बी कर्व्ह घेऊ नका. १६ चा बी ४८ अँपियरपासून झटक्यात उडू शकतो आणि मोटर सुरू होताना ६० घेते. सी पाचपट करंटाच्या आत झटक्यात उडत नाही, म्हणजे २० चा सी १०० पर्यंत सोसतो.

कुट्टीला नुसता स्विच नको. डीओएल (मोटर सरळ लाइनीवर सुरू करणारा) स्टार्टर लावा, ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपियरवर लावलेला. कारणं दोन. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढून हळूहळू तापते, ते एमसीबीला कळत नाही, रिलेला कळतं. आणि लाइट जाऊन परत आली तर स्टार्टर आपोआप चालू होत नाही. कुट्टीत अडकलेलं गवत काढायला कोणी हात घातला असताना लाइट आली तर काय होतं ते लिहायची गरज नाही.

बोर्ड, स्विच, सॉकेट सगळे किमान आयपी ४४ चे (पाण्याचे शिंतोडे आत न जाणारे), प्लास्टिकच्या बंद बॉक्समधे, गुराच्या शिंगाला-जिभेला पोचणार नाहीत अशा जागी. गवताचा माळा असेल तर तिथे उघडा बल्ब नको, काचेचा बंद एलईडी लावा. कुट्टीच्या मोटरवर भुसा साचू देऊ नका.

घाटमाथा
एक भर. सोळाची ॲल्युमिनियमची तार सोलून तशीच एमसीबीत घुसवतात. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, जोड सैल पडतो, तापतो, बोर्ड वितळतो. तार घासून ऑक्साइड काढा, पेस्ट लावा, बायमेटल लग (ॲल्युमिनियम-तांब्याचं जोडटोक) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. महिन्याभराने वीज बंद करून स्क्रू एकदा परत आवळा.

नियमावली
मीटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. गोठा त्याच आवारात, त्याच मालकीच्या जमिनीत आणि घरच्या गुरांपुरता असेल तर वेगळी जोडणी लागत नाही. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो तो पाहा. गोठ्याने तीनेक किलोवॅट वाढतात. वाढीव भाराचा अर्ज करा, सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. काम त्याच्याकडूनच करून घ्यावं लागतं, मधल्या माणसाने करून नुसती सही आणलेली चालत नाही.

दोन गोष्टी टाळा. रस्त्यापलीकडच्या किंवा भावाच्या वेगळ्या जागेतल्या गोठ्याला आपल्या मीटरवरून वीज देणं. आणि घरगुती मीटरवर व्यवसाय चालवणं. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर जागेबाहेरचा आणि मंजूर कारणाबाहेरचा वापर दोन्ही अनधिकृत धरले जातात, आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि कधीपासून ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. गुरं वाढवून दूध विक्रीचा व्यवसाय करणार असाल तर कोणता दर लागेल ते उपविभागात आधी विचारून घ्या.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गोठ्याचे दिवे घेणंही यातच बसतं. तसंही त्या फीडरला वीज दिवसाचे किंवा रात्रीचे ठरावीक तासच असते, गोठ्याला उपयोग नाही.

पेडणेकरीण
गोव्यात वीज खातं वेगळं असलं तरी कलम १२६ तेच ना?

नियमावली
हो, कायदा केंद्राचा आहे. दर आणि अर्जाचे नमुने तेवढे वेगळे.

कातळसडा
सगळं वाचून यादी केली आहे, चूक असेल तर सांगा.
सोळाची दोन कोर ॲल्युमिनियम आर्मर्ड ५५ मीटर. २५ सी डबल पोल, १०० एस आरसीसीबी घरी. गोठ्यात ४० अँपियरचा ३० मिलिअँपियर आरसीसीबी, २० सी, १६ सी, १० सी, ६ बी. डीओएल स्टार्टर. २५ बाय ४ ची पट्टी १५ मीटर माडांकडे. कोब्यात वेल्डमेश, ३० बाय ३ ची पट्टी. पाण्याचा पाइप आधीच पीव्हीसीचा आहे.
गोठ्यात इन्व्हर्टरचा दिवा हवा असेल तर घरच्या इन्व्हर्टरवरून एक तार आणू का?

मेगर५००
नको. इन्व्हर्टरचा फेज आणि गोठ्याचा न्यूट्रल वेगवेगळ्या आरसीसीबीवरून आले की जाणारा आणि येणारा करंट जुळत नाही, दोन्ही उडत राहतात. बॅटरीवाले दोन एलईडी बल्ब घ्या, लाइट गेली की तेच चालू राहतात.

यादीत एक दुरुस्ती: पट्टी १५ ऐवजी २० मीटर घ्या, गोठ्यापर्यंत येण्यातच चार-पाच मीटर जातात. आणि पट्टीपासून बोर्डापर्यंतचा जोड तपासता येईल असा चेंबरमधे बोल्टचा ठेवा, गाडून टाकू नका.

चालू करण्याआधीचा क्रम. चर बुजवण्याआधीच केबल मेगर करा (मेगर या मीटरने इन्सुलेशन तपासा), ५०० व्होल्टला, फेज-न्यूट्रल आणि दोन्हींपासून आर्मर. नवी केबल शेकड्यांत मेगोहम दाखवते. १ च्या खाली असेल तर वापरायची नाही, टोकाला ओल असेल तर टोक कापून परत बघा. बुजवल्यावर पुन्हा एकदा मेगर, माती भरताना जखम झाली असेल तर तेव्हा कळते. मग अर्थिंगचा रोध. मग वीज देऊन दोन्ही आरसीसीबींचं टेस्ट बटण. मग कुट्टी सुरू करताना गोठ्याच्या बोर्डात व्होल्टमीटर धरा आणि किती पडतं ते भिंतीवर लिहून ठेवा. पुढे मोटर अडखळली की तो आकडा कामाला येतो.

गोठाबांधणी
आणि शेवटी गव्हाण आणि जमिनीतलं माप, रेझिस्टर लावून, पंप आणि कुट्टी दोन्ही चालू असताना. गुरं त्यानंतरच आत बांधा.

कातळसडा
पावसाळ्यात आरसीसीबी उडाला तर नेमकं काय बघायचं?

तारतंत्री
गोठ्यातला उडाला तर खालचे चारही एमसीबी पाडा, आरसीसीबी उचला. तो थांबला तर एकेक एमसीबी चढवा, ज्याने उडेल ती लाइन. बहुतेक वेळा सॉकेटमधे पाणी किंवा पंपाच्या टर्मिनल बॉक्सचं रबर गेलेलं सापडतं.

चारही पाडूनही उडत असेल तर एमसीबी फक्त फेज तोडतो हे लक्षात घ्या, कुठल्यातरी लाइनीचा न्यूट्रल अर्थला टेकलाय. मेन बंद करून न्यूट्रल बारवरच्या तारा एकेक सोडून बघा. आणि गोठ्यातला शांत असताना घरचा १०० चा उडत असेल तर दोष केबलमधे किंवा गोठ्याच्या बॉक्समधल्या टोकाशी आहे. तेव्हा घराकडचा २५ चा डबल पोल पाडून ठेवा आणि केबल दोन्ही टोकांना सोडून मेगर केल्याशिवाय परत चढवू नका.